आठवी सही

सही केलेली जर्सी कधी धुवायची नसते. इस्त्रीही करायची नाही, उन्हात टांगायची नाही, डांबराच्या गोळ्यांसोबत ट्रंकेत कोंबायची तर मुळीच नाही. माझ्या बायकोला हे पंधरा वर्षं पटलेलं नाही. "परक्या लोकांच्या घामाचे कपडे काचेत लावून ठेवणारा महाडात तुम्ही एकटेच," असं ती पाहुण्यांसमोर सांगते, आणि पाहुणे हसले की मीही हसतो. हसण्याशिवाय करणार काय?

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधाच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीला आहे. दिवसभर नमुने तपासायचे आणि खऱ्याला खरं म्हणून शिक्का द्यायचा, हे माझं काम. जर्सींचा नाद कॉलेजात लागला. तेव्हा मी बास्केटबॉल खेळायचो. पुण्याला एका स्पर्धेत राष्ट्रीय संघाच्या एका खेळाडूनं अंगातली जर्सी काढून, माझ्या पाठीवर ठेवून तिच्यावर सही केली आणि ती मलाच दिली. ती अजून आहे. नंतर कबड्डीच्या आल्या, एक व्हॉलीबॉलची आली. ऑनलाइन मिळणाऱ्या निम्म्याअधिक सह्या छापील असतात, हे मी भिंगाशिवायही ओळखतो. पेननं केलेली सही धाग्याच्या विणीत उतरते, छापलेली वर तरंगत राहते. खऱ्या सहीत हात कुठं दबला, कुठं घाई झाली, सगळं दिसतं.

हे एवढं सविस्तर सांगतोय, कारण पुढचं ऐकून कुणी मला भोळा समजू नये.

आमची मूळ वाडी पाथरमाळ. पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि पाऊण तास चढायचं. आता रस्ता झालाय. तीस-बत्तीस घरं, त्यातली निम्मी माणसं मुंबईत. माघात जननीच्या देवळापुढे जत्रा भरते आणि खालच्या मैदानात कबड्डीचे सामने होतात. जिंको वा हरो, शेवटच्या सामन्यानंतर वाडीच्या संघाचे सातही खेळाडू एका कोऱ्या जर्सीवर सही करतात. ती देवीच्या पायाशी ठेवायची आणि मग देवळासाठी तिचा लिलाव. मुंबईकर मंडळी हौसेनं बोली लावतात.

माझा धाकटा भाऊ किशोर त्या सातांतला एक. मुंबईला कुरिअरच्या ऑफिसात होता, पण जत्रेला हटकून यायचा. डावखुरा चढाईपटू. त्याचा दम असा, की समोरच्या पोरांना घाम फुटावा. लहानपणी विहिरीच्या काठावर बसून तो "कबड्डी कबड्डी" घुमवायचा आणि आम्ही बोटं मोजत बसायचो.

बारा वर्षांपूर्वी, जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता, तो खांद्यावर पिशवी टाकून उमरठच्या फाट्यावर एसटीतून उतरला. कंडक्टरनं पाहिलं. फाट्यावरच्या टपरीवाल्यानं पाहिलं. त्यानं टपरीवर चहा घेतला आणि वाट धरली. वाडीत तो पोचला नाही.

पोलीस आले, आंबेनळीच्या बाजूनं ट्रेकर पोरं आली, ओढे आणि डोह धुंडाळले. चप्पलसुद्धा सापडली नाही. तो चोवीस वर्षांचा होता. लग्नाला आठ महिने झाले होते.

पुढच्या जत्रेत मी लिलावात जर्सी घेतली. त्याच्या आठवणीसाठी, दुसरं काही नाही. घरी आणून फ्रेमला देण्याआधी सह्या मोजल्या. आठ होत्या. एखाद्या राखीव खेळाडूनं हौस भागवली असेल म्हणून वाचायला गेलो. डाव्या छातीवर, बाकीच्यांपासून थोडी लांब, सही होती. किशोर.

कुणीतरी माया म्हणून त्याचं नाव लिहिलं, असं मी स्वतःला सांगितलं. मग भिंग घेतलं. आपण अक्षरांवरची रेघ डावीकडून उजवीकडे ओढतो. किशोर डाव्या हातानं उलटी ओढायचा, उजवीकडून सुरू करून. पेन पहिल्यांदा टेकतं तिथं शाईचा ठिपका पडतो. या सहीत ठिपका उजव्या टोकाला होता.

त्यानंतर दरवर्षी लिलावातली शेवटची बोली माझी असायची आणि दरवर्षी घरी आल्यावर जर्सीवर आठ सह्या निघायच्या. चौथ्या वर्षी मी शाईचा एक धागा खेचून प्रयोगशाळेत तपासला. बाकीच्या सातांचं आणि त्याचं पेन एकच निघालं. म्हणजे पोरांपैकीच कुणीतरी चावटपणा करत होतं. नवव्या वर्षी मी सह्यांच्या टेबलाला चिकटून उभा राहिलो. सातांनी सह्या केल्या, मी मोजल्या, माझ्या हातानं जर्सी पिशवीत घातली आणि पिशवीच्या तोंडावर कंपनीतून आणलेलं नमुन्याचं सील लावलं. महाडला येऊन सील फोडलं.

आठ.

आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणालाच सांगितली नव्हती. अकरा जर्सी ओळीनं मांडल्या की दिसायचं. सही मोठी होत होती. म्हणजे वयानं. पहिल्या तीन वर्षांत ती किशोरची नेहमीची चपळ सही होती. सहाव्या वर्षापासून 'र'चा पाय मध्येच तुटायला लागला, अंगठ्याला काही लागून तो नीट वाकत नसल्यासारखा. दहाव्या वर्षी रेघ थरथरली. अकराव्या वर्षी हात दमलेला होता, कष्ट करून दमलेल्या माणसाचा असतो तसा. खोटी सही करणारा जुनी सही गिरवतो. दरवर्षी एकेक वर्षानं म्हातारी होणारी सही कोण गिरवणार?

आई माझ्याकडे महाडला असते. रंगूबाई म्हटलं की अख्खी वाडी वचकून असायची, आता गुडघ्यांनी बसवलंय. जत्रेहून आलो की ती दारातच विचारायची, "आला का रे त्यो?"

मी तिचं बोट धरून सहीवर टेकवायचो. तिला वाचता येत नाही. ती बोट फिरवायची आणि म्हणायची, "हाय. जिता हाय."

प्रियदर्शिनी, किशोरची बायको, वाडीतच राहिली. पोलादपूरच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे, स्कूटीवरून ये-जा करते. तिसऱ्या वर्षी मी तिला जर्सी दाखवली. ती पाहून एवढंच म्हणाली, "त्यांचीच आहे." त्या दोन शब्दांवर तिनं पुढची वर्षं काढली. तिला ते मी करायला लावलं, हे आज कबूल करतो.

गेल्या दिवाळीत ती महाडला आली. सहदेव नावाचे एक शिक्षक आहेत, बायको वारलेली, सज्जन माणूस. त्यांनी तिला विचारलं होतं.

"भावजी, मला हो म्हणायचंय," ती म्हणाली. "पण आधी यांचं काय ते होऊ दे. असं अधांतरी ठेवून मी नाही जायची."

माझी नजर भिंतीवरच्या फ्रेमांकडे गेलेली तिनं पाहिली.

"दरवर्षी मैदानापर्यंत येतात ना ते? घर तिथून दोन मिनिटांवर आहे. मी दार उघडं ठेवून बसते. सही करणाऱ्या माणसाला घरी येता येत नाही?"

बारा वर्षं बेपत्ता राहिलेल्या माणसाचा पळसाच्या देठांचा पुतळा करतात, नारळाचं डोकं लावतात आणि त्याला अग्नी देतात. मग त्याचे दिवस घालता येतात आणि मागे राहिलेल्यांना मोकळं होता येतं. बारावं वर्ष भरतच आलं होतं. मी ठरवलं, करायचं.

आई दोन दिवस जेवली नाही. "जित्या मानसाला जाळतोस व्हय रे?" एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिनं आपणहून त्याची जुनी जर्सी काढून दिली, तो शेवटचा खेळला होता ती. ट्रंकेत जपून ठेवलेली. पुतळ्याला माणसाचं अंगावरचं वस्त्र लागतं.

पौषात, एका बुधवारी भर दुपारी, आम्ही वाडीखालच्या ओढ्यावर जमलो. मी, पोलादपूरहून आलेले भटजी आणि वाडीतले सगळ्यांत जुने कोंडाजी. पुतळ्याला जर्सी घातली तेव्हा ती सैल झाली. कोंडाजींनी पाठीमागून पिन लावली.

आमच्याकडे अग्नी द्यायच्या आधी हाळी द्यायची रीत आहे. दुसरीकडे ती असेल असं वाटत नाही. वाडीच्या हद्दीवर उभं राहून, हरवलेल्याला नावानं तीन हाका मारायच्या.

"दर हाकंला वाईच थांब," कोंडाजींनी बजावलं. "ओ आली, तर पुतळा पान्यात सोडायचा. जाळायचा नाय. मला लांबचं आयकू येत नाय, तूच आयक. इचारीन तेव्हा खरं सांग."

भटजी फोनला रेंज शोधत वरच्या कातळावर गेले होते.

पहिली हाक मारली. ओढ्याचं पाणी वाहत होतं. दुसरी मारली. समोरच्या रानात एक पाखरू उडालं. तिसरी मारली आणि थांबलो.

वरून, मैदानाच्या अंगानं, आवाज आला. बारीक, एकसुरी.

कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी.

पोरं सराव करतायत, हे माझ्या मनात लगेच आलं. जत्रा तीन आठवड्यांवर होती, सराव असणारच. सवयीनं मी बोटं मोजायला लागलो. चढाई तीस सेकंदांची असते. तीस झाले. चाळीस झाले. आवाज कुठं तुटला नाही, श्वास घेतल्याची खाच नाही. मी सत्तरपर्यंत मोजलं. मग तो आवाज मधेच थांबला, शब्द अर्धा ठेवून.

कोंडाजी माझ्या तोंडाकडे पाहत होते. "काय आयकलास?"

सहदेवगुरुजींनी विवाह नोंदणीची तारीख घेतली होती. प्रियदर्शिनीनं बारा वर्षांनी नवी साडी घेतली होती. पुतळा पाण्यात सोडला असता तर मी वर जाऊन तिला काय सांगणार होतो? पोरांचा सराव ऐकू आला म्हणून?

"काही नाही," मी म्हणालो.

अग्नी दिला. पॉलिस्टर जळत नाही, वितळतं. काळा धूर निघाला, थेंब थेंब पळसावर गळले. डावी बाही शेवटपर्यंत राहिली होती. मी काठीनं ती आत लोटली.

माघात जत्रा झाली. मी गेलो. जायचं नाही असं ठरवूनही गेलो. आमचा संघ उपांत्य फेरीत हरला. संघाचा कप्तान गणू मैदानाच्या कडेला पायाची पट्टी सोडत बसला होता. त्याला सहज म्हणून विचारलं, "पौषातल्या त्या बुधवारी दुपारी तुमच्यातलं कोण सराव करत होतं? दम भारी होता."

"कंच्या बुधवारी? तुम्ही किशोरदादाचं केलंत त्या?" त्यानं मान हलवली. "त्या दिवशी आम्ही समदे महाडला होतो, दादा. मॅच होती. ग्राउंड बंद होतं."

"बंद म्हणजे?"

"नवी लाल माती टाकलेली आदल्या दिवशी. पानी मारून, रोलर फिरवून, दोरी बांधून ठेवलं होतं. कुनाचा पाय नको म्हनून." तो पट्टी गुंडाळता गुंडाळता थांबला. "पन कोन तरी आलेलं."

त्यानं आपणहूनच सांगितलं.

"सांजचं येऊन बघतो तर पाय उठलेले. अनवानी. या अंगानं आत आलेले, पार मधल्या रेषेपर्यंत. आम्ही म्हटलं कोन तरी खेळून गेला." तो कसंनुसं हसला. "पन परतीचे पाय नाय. रेषेवर पोचला, आन् तिथंच."

मग त्याला कुणीतरी सह्यांसाठी हाक मारली.

मी टेबलापाशी उभा राहिलो. सातांनी सह्या केल्या. मी मोजल्या, पुन्हा मोजल्या. जर्सी देवीच्या पायाशी गेली, लिलावात माझ्याकडे आली. पिशवीला सील लावलं. घाट उतरताना एसटीत ती मांडीवर घट्ट धरून बसलो होतो.

महाडला घरी आलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. बायको बाजारात गेली होती. आई दारात होती. या वेळी तिनं काही विचारलं नाही.

मी माझ्या खोलीत गेलो आणि सील फोडलं. जर्सी टेबलावर पसरली.

सात.

पुढून सात, पाठीवर काही नाही, बाह्यांवर काही नाही. भिंगानं वीण न् वीण पाहिली. मी खुर्चीत बसलो आणि रडलो. बारा वर्षांत मी रडलो नव्हतो. सुटलास रे बाबा, असं मोठ्यानं म्हणालो.

फोन वाजला. प्रियदर्शिनी होती.

"यंदा?" तिनं विचारलं.

"सातच."

मग तिचा भरलेला आवाज, "बरं झालं, भावजी. बरं झालं." तिनं फोन ठेवला.

जर्सी फ्रेमला द्यायची म्हणून उचलली. खिडकीतून ऊन येत होतं. कापड उजेडापुढे आलं आणि डाव्या छातीवर काहीतरी काळं दिसलं. पुढून पाहिलं तर तिथं कोरं होतं. उजेडापुढे धरलं की पुन्हा दिसत होतं.

जर्सी उलटी केली.

सही आतून होती. अंगाला लागते त्या बाजूनं.

किशोर. रेघेचा ठिपका उजव्या टोकाला. शाई विणीत उतरलेली, बाहेर एक कणही न आलेली. मी भिंग घेतलं.

'र'चा पाय तुटलेला नव्हता. रेघ थरथरत नव्हती. दमलेला हात नव्हताच. ही चोवीस वर्षांच्या किशोरची सही होती, एसटीतून उतरून चहा प्यायला त्या दिवशीची.

मी गेल्या वर्षीची जर्सी शेजारी ठेवली. अकरा वर्षं तो कुठंतरी जगत होता. अंगठ्याला लागलं होतं, ते बरं झालं नव्हतं. कष्ट करत होता, म्हातारा होत होता. कुठं, ते मला माहीत नाही. पण होत होता. आणि मी तीन हाका मारल्या, त्यानं ओ दिली, आणि मी काही नाही म्हणालो.

मागे पावलं वाजली. आई भिंतीला धरून आत आली होती.

"दे," ती म्हणाली.

"आई, यंदा नाहीये. सातच आहेत."

"दे रे."

मी दिली. ती पलंगाच्या कडेवर बसली. जर्सी उलटी आहे हे तिला हाताला शिवणी लागल्यावर कळलं. आम्ही लहान असताना शाळेचे सदरे सरळ करायची, तसा तिनं खालून आत हात घातला, बाही धरून बाहेर ओढायला.

हात आत गेला आणि तिथंच राहिला.

मी तिच्याकडे पाहत होतो. तिचं तोंड बदललं नाही. तिनं दुसरा हातही हळूच आत घातला आणि दोन्ही हात पोकळ कापडात जवळ आणले, मधे काहीतरी धरल्यासारखे.

"राजा," ती म्हणाली, "पोरगं गार पडलंय. खिडकी लाव."